रॉयल्टी म्हणजे खैरात नव्हे



चित्रपटगीताचे मानधन एकदा घेतले की गीतकाराचा हक्क संपतो, हे ‘गाणी कोणाची?’ या लेखातले विधान कायद्याला धरून नाही. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनुसार चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीत गीतकार-संगीतकाराचा वाटा हक्क विकत घेणाऱ्या कंपनीच्या बरोबरीचा असतो. तो वारस किंवा कॉपीराइट संस्थेखेरीज कोणालाही लिहून देता येत नाही. दिला तरी तो करार रद्दबातल. गीतकार जावेद अख्तर राज्यसभेत यासाठीच पोटतिडकीने बोलले होते. ‘श्रोते फुकट ऐकतात, मग द्यायचे कुठून?’ हा लेखातला सवालही फसवा आहे. फुकट ऐकल्या जाणाऱ्या गाण्यांवरही जाहिरातींचे पैसे येतातच, ते गीतकारापर्यंत पोचायला हवेत.  लेखकाने कॉपीराइट कायद्याचे कलम १८ व १९ वाचून दुरुस्ती छापावी.

– एक वाचक, सांगली