फोन धडधाकट, पण अ‍ॅप गेलं!



"अँड्रॉइड घेऊ की आयफोन?" आयटी पार्कच्या रस्त्यावर चहाच्या ठेल्याशी उभं राहिलं की हा विषय निघतोच. मग कॅमेरा, रॅम, बॅटरी... आणि तासभर वाद. मला विचाराल तर खरा प्रश्न बाजूलाच राहतो: आपल्या गरजेचं अ‍ॅप या फोनवर किती वर्षं चालणार?

विंडोज फोन आठवतो का? देखणा, चालायला एकदम मख्खन. २०१९ च्या ३१ डिसेंबरला व्हॉट्सअ‍ॅपने त्याची साथ सोडली आणि चांगले चालते फोन ड्रॉवरमध्ये गेले. नोकियाच्या सिंबियनवाल्यांवर हीच वेळ २०१७ च्या जूनअखेर आली होती. फोन शाबूत, पण निम्मा उपयोग संपला.

आपण निदान नवा फोन घेतो. काटोल-नरखेडच्या शेतकऱ्याचं काय? १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, की नोंद थेट सातबाऱ्यावर. पण खिशात २०१७ साली आलेला जिओफोन असेल, तर त्यात आहे काइओएस. अँड्रॉइडचं अ‍ॅप त्यावर चालतच नाही. एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते म्हणून बरं, पण त्यासाठी दुसऱ्याचा फोन मागावा लागतो. आणि नोंद राहिली तर नुकसानभरपाईपासून हमीभावाच्या खरेदीपर्यंत अडचण.

आता मूळ वाद. आयफोन ६एस २०१५ मध्ये आयओएस ९ घेऊन आला आणि त्याला २०२१ चं आयओएस १५ सुद्धा मिळालं. त्या काळचे बरेच अँड्रॉइड फोन एक-दोन आवृत्त्यांतच थांबले. हा फरक आता कमी झालाय. पिक्सेल ८ (२०२३) आणि गॅलॅक्सी एस२४ (२०२४) यांना सात वर्षांचं आश्वासन आहे. पण हे सगळे महागडे फोन! स्वस्त फोनांना सहसा इतकी वर्षं मिळत नाहीत. शिवाय आपल्याकडे वापरलेला फोन जातो आई-बाबांकडे. म्हणजे त्या फोनची शेवटची वर्षं त्यांच्या वाट्याला.

आता थोडं आपल्या जातभाईंना. मिहानमध्ये बसून आपण अ‍ॅपच्या 'मिनिमम एसडीके'चा आकडा वाढवतो, की हजारो फोन एका ओळीत बाद. कारणं खरी आहेत: जुन्या आवृत्तीत सुरक्षेची भोकं असतात, टेस्टिंगचा ताप वेगळाच. बँकेच्या अ‍ॅपने कडक राहावं, मान्य. पण वीजबिल भरायला किंवा शाळेची नोटीस वाचायलाही अ‍ॅपच कशाला? जुन्या फोनच्या ब्राउझरमध्ये उघडेल असं एक साधं पान ठेवायला काय हरकत आहे?

असो. बर्डीवर फोन घ्यायला जाण्याआधी कंपनीच्या साइटवर अपडेटची वर्षं बघा. ती सहसा मॉडेल बाजारात आल्या दिवसापासून मोजतात, तुमच्या बिलाच्या तारखेपासून नाही. दोन वर्षं जुनं मॉडेल सेलमध्ये स्वस्त दिसतं, पण त्यातली दोन वर्षं आधीच खर्ची पडलेली असतात. बाबांसाठी घेत असाल तर हा हिशोब आधी करा.

बघा पटतंय का.