ताटीची गाठ

वाघबारस झाली, भात घरात आलं, की जव्हार-मोखाड्यातली कुटुंबं 'जगायला' निघतात. हा शब्द इथलाच. कोणी भिवंडी-वसईकडच्या वीटभट्टीवर जातं, कोणी बांधकामावर. मोखाड्याजवळच्या एका पाड्यात गेल्या वर्षी असं मागे राहिलेलं घर पाहिलं. कारवीचा कुड, त्यावर शेणाचं सारवण. दाराची ताटी ओढून अंबाडीच्या दोरीने एक गाठ मारलेली, तीही शेळ्या-कुत्र्यांनी आत शिरू नये म्हणून. आत कणगीत पुढच्या पेरणीची नागली. शेजारी म्हणाले, होळीला येतील तेव्हा तशीच असेल.

चिनी भाषेत एक जुनी म्हण आहे: वाटेत पडलेलं कोणी उचलत नाही, रात्री कोणी दाराला कडी घालत नाही. नीट चाललेल्या राज्याची ही खूण. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात शांग यांगने छिन राज्यात कडक कायदे आणले आणि दहा वर्षांत वाटेवरच्या वस्तूला कोणी हात लावेना, असं इतिहासकार सिमा छिएन लिहितो. तो धाक होता. 'ली जी' या ग्रंथात कन्फ्यूशियसच्या तोंडी निराळं वर्णन आहे. म्हाताऱ्यांना आधार आहे, धडधाकटांना काम आहे, विधवा-पोरक्यांना कोणी वाऱ्यावर सोडत नाही. म्हणून दारं उघडी राहतात.

त्या 'म्हणून'पाशी मी अडतो. आदिवासींच्या प्रामाणिकपणाचं कौतुक आपण पाहुण्यांना हौसेने सांगतो. पाडा आपला शब्द पाळतो; आपण काय पाळलं? १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुलं कुपोषणाने दगावली. रोजगार हमी ही महाराष्ट्राने देशाला दिलेली योजना. २००५ च्या केंद्रीय कायद्याने वर्षाला १०० दिवस काम आणि १५ दिवसांत मजुरी कबूल केली, तरी दिवाळीनंतर पाडे ओस पडतच राहिले. सार्वजनिक सचोटी मोजायची तर मस्टरवरच्या हजेरीत मोजावी, रेशनच्या काट्यावर मोजावी, अंगणवाडीतल्या पोराच्या ताटात मोजावी. गरिबापर्यंत पोचूच न दिलेलं धान्य हेही वाटेत उचललेलंच धान्य, आणि ते उचलणाऱ्याच्या दाराला भक्कम कुलूप असतं.

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा मुकादमाचा टेम्पो पाड्याच्या तोंडाशी उभा असेल. गोधड्या, टोप, पायाला दोरी बांधलेली कोंबडी चढवून होईल. शाळेतलं नाव मागे ठेवून एक पोरगी वर चढेल, आणि तिची आय ताटीची गाठ पुन्हा एकदा ओढून बघेल.