हिरव्या कॅम्पसचा कचरा कोण उचलतं?

"पर्यावरण हा भरल्या पोटाच्या लोकांचा विषय आहे. आपल्यापुढे शिष्यवृत्तीचा प्रश्न आहे, हॉस्टेलचा आहे, ॲट्रॉसिटीचा आहे." कॉलेजात काम करणाऱ्या आपल्या पोरापोरींकडून हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्यावर लिहिणं भाग आहे. त्यामागचा राग खरा आहे. पण म्हणून कॉलेजच्या इको क्लबकडे, ग्रीन कमिटीकडे पाठ फिरवायची, हे मला मान्य नाही. २० मार्च १९२७ ला महाडला जे घडलं ते सार्वजनिक पाण्यावर हक्क कोणाचा, याच प्रश्नावर घडलं. त्याला कोणी पर्यावरणाची चळवळ म्हणत नसेल तर ती पर्यावरणवाल्यांची अडचण आहे, आपली नाही.

कॉलेजात प्रत्यक्षात काय चालतं? नॅकच्या मूल्यांकनात सातव्या निकषाखाली कचरा व्यवस्थापन, पाण्याची बचत, हिरवा परिसर, ग्रीन ऑडिट असे मुद्दे येतात. त्यामुळे नॅकची टीम येणार म्हटलं की कुंड्या येतात, हिरवे-निळे डबे येतात, गांडूळ खताच्या खड्ड्यावर पाटी लागते. झाडं मोजली जातात, एलईडी दिवे मोजले जातात. पदवीला पर्यावरणाचा पेपर सक्तीचा झाला त्याच्या मुळाशी सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा आदेश आहे, पण त्याचा प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतो हे तुम्हालाही माहीत आहे आणि सरांनाही. या सगळ्या मोजमापात तो डबा रोज रिकामा करणारी बाई कुठेच नसते. ती ठेकेदाराची.

मी ज्या वस्तीत काम करते तिथली एक मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे. आई ठेक्यावर सफाईचं काम करते. कॉलेजात स्वच्छता अभियान होतं, सगळ्यांच्या हातात झाडू दिले, फोटोग्राफर तयार. हिने झाडू घेतला नाही. तुला श्रमाची लाज वाटते का, असं तिला चारचौघांत ऐकवलं गेलं. ज्या घरात तीन पिढ्या झाडू होता त्या घरातल्या मुलीने तो फोटोसाठी नाकारणं आणि ज्या घरात तो कधीच नव्हता त्या घरातल्या मुलाने तो दहा मिनिटं धरणं, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. जात ही कामाची नव्हे तर काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच 'जातिप्रथेचे विच्छेदन' मध्ये मांडून ठेवलं आहे.

पण त्या नकारापेक्षा तिने पुढे जे केलं ते मला मोठं वाटतं. ती ग्रीन कमिटीत विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून गेली. कचरा उचलण्याच्या वेळी वही घेऊन उभी राहिली आणि डब्यातून काय निघतं ते लिहिलं. कँटीनचं खरकटं, प्रयोगशाळेतली फुटकी काच, फुटलेल्या ट्यूबलाइट, मुलींच्या हॉस्टेलमधले न गुंडाळलेले पॅड, सगळं एकत्र. वेगळं करायचं काम सफाईच्या मावशी उघड्या हातांनी करत होत्या. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा करण्याची जबाबदारी कचरा करणाऱ्यावर टाकली, पॅड गुंडाळून देण्याचीसुद्धा. म्हणजे हिरव्या पाटीखाली नियम मोडला जात होता. ग्रीन ऑडिटमध्ये सफाई कामगारांचा रकाना घाला, त्यांचं वेतन, पीएफ, हातमोजे नोंदवा, अशी मागणी तिने लेखी दिली. उत्तर मिळालं, "हा पर्यावरणाचा विषय नाही, आस्थापनेचा आहे."

हे उत्तर किती पोकळ आहे ते पाहायचं तर पुण्याकडे बघा. १९९० च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून काही प्राध्यापिका कचरावेचक बायांपर्यंत पोचल्या. या बायांत बहुसंख्य दलित, कित्येकींची कुटुंबं १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेली. अक्षरओळखीपासून सुरू झालेलं काम ओळखपत्रापर्यंत आणि वेगळ्या केलेल्या कचऱ्यावरच्या हक्कापर्यंत गेलं. १९९३ मध्ये बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, २००८ मध्ये महापालिकेशी करार करून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था. आज ज्याला रिसायकलिंग म्हणून मिरवलं जातं ते या बाया आधीपासूनच करत होत्या. कामगार वेगळा आणि पर्यावरण वेगळं, ही वाटणी सोयीची आहे, खरी नाही.

आता आपल्या घरातला आक्षेप. "आपण त्या घाणीतून बाहेर पडलो, तू शिकून पुन्हा कचऱ्यातच कशाला?" आई-बापाच्या तोंडी हे वाक्य येतं तेव्हा त्याला पटकन उत्तर देऊ नये, त्यामागे आयुष्य गेलेलं असतं. माझं म्हणणं एवढंच की झाडू नाकारायचा तो नाकाराच, पण कमिटीतली खुर्ची नाकारू नका. ती रिकामी राहिली तर तिथे बसणारा झाडंच मोजत बसेल.

आणि झाडांच्या पलीकडे एक प्रश्न कोणत्याच हिरव्या अहवालात मला अजून दिसलेला नाही. कॉलेजच्या आणि हॉस्टेलच्या सेप्टिक टँकची सफाई कशी होते? यंत्राने की माणूस उतरवून? २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला आत उतरवणं हा गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी १० लाखांची भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती ३० लाख केली. तरी माणसं मरतातच, आणि ती कोणत्या जातीची असतात हे सांगायला नको.

शासकीय किंवा अनुदानित कॉलेज असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकता येतो. सफाईच्या ठेक्याची प्रत, कामगारांची संख्या, पीएफ-ईएसआय भरल्याच्या पावत्या, सेप्टिक टँक शेवटचा कधी आणि कोणी उपसला त्याचं बिल. अर्जाची फी १० रुपये. पण अर्ज टाकण्याआधी त्या मावशींशी बोला. ठेका त्यांचा जाऊ शकतो, तुमचा नाही.