विद्यार्थी परिषद आणि ग्रामसभा

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावात अठरा वर्षांचा तरुण ग्रामसभेत बसतो, तेव्हा त्याची संमती गृहीत धरली जात नाही. तेथे ठराव बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. २००९ मध्ये या गावाचा सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मान्य झाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. मजुरी किती, विक्री कोणाला, शिल्लक कोठे, हे विचारण्याचा अधिकार त्या तरुणाला आहे. तोच तरुण पदवीसाठी महाविद्यालयात जातो आणि स्नेहसंमेलनाच्या शुल्काचे काय झाले, हे कोठे विचारावे ते त्याला कळत नाही.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले तेही २०११ मध्येच. त्या वेळी विद्यार्थी परिषदांवर १९९४ च्या कायद्याचा अंमल होता. त्यामागील इतिहास विसरून चालणार नाही. १९८९ मध्ये मुंबईत विद्यार्थी निवडणुकीच्या वैमनस्यातून एका तरुणाचा खून झाला. मारामाऱ्या आणि उमेदवारांची पळवापळवी हा तर नित्याचा प्रकार होता. प्रत्यक्ष निवडणुका बंद झाल्या, तेव्हा पालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असल्यास नवल नाही. त्याऐवजी परीक्षेतील गुणांवरून वर्गाचा प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली. परंतु अधिक गुण मिळविणारा विद्यार्थी वसतिगृहातील पाण्याची तक्रार घेऊन प्राचार्यांपुढे उभा राहीलच, असे मानण्यास आधार कोणता? ज्याने नेमले त्याच्याशी भांडण्याची सवय माणसाला सहसा नसते.

लिंगडोह समितीने २००६ मध्ये मधला मार्ग सुचविला होता. उमेदवाराच्या खर्चाला ५,००० रुपयांची मर्यादा, ७५ टक्के उपस्थितीची अट आणि निवडणूक राजकीय पक्षांपासून अलिप्त, अशा तिच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारल्या. वनहक्क कायदा संसदेने संमत केला तोही त्याच वर्षी. जंगलातील गावांनी त्या कायद्याचा उपयोग करून दाखविला. महाविद्यालयांच्या वाट्याला मात्र प्रतीक्षाच आली. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियमाने प्रत्यक्ष निवडणूक पुन्हा आणली. २०१९ मध्ये तिची तयारीही झाली, पण विधानसभा निवडणुकीमुळे ती पुढे ढकलली गेली आणि मागोमाग महासाथ आली.

पैसा आणि पक्ष मागच्या दाराने येतील, ही भीती खोटी नाही. गडचिरोलीत तिला हिंसाचाराच्या जुन्या आठवणींचीही जोड मिळते. तथापि निवडणूक नसल्याने पक्ष महाविद्यालयाबाहेर राहिले, असे कोणी म्हणू शकेल काय? संघटना आहेत, फलक आहेत, पुढारीही आहेत. मतदारांना जबाबदार असा प्रतिनिधी तेवढा नव्हता. सिरोंचा गडचिरोलीपासून सुमारे २०० किलोमीटर दूर आहे. तेथील विद्यार्थ्याला गुणपत्रिकेतील एक चूक दुरुस्त करून घेण्यासाठी मुख्यालय गाठावे लागले, तर दोन दिवस आणि घरची मजुरी बुडते. त्याची ही अडचण अधिसभेत मांडणारे कोणी असेल, तर ते विद्यार्थ्यांच्या मतावर निवडून आलेलेच असले पाहिजे.

हजेरीपट तयार झाल्यावर वर्गप्रतिनिधीची निवड वर्गातच, एका तासात होऊ शकते. तिची तारीख परीक्षेच्या तारखांप्रमाणे शैक्षणिक वेळापत्रकातच छापली जावी. आणि विद्यार्थ्यांकडून घेतलेल्या शुल्काचा जमाखर्च दर सहामाहीस सूचनाफलकावर लावण्यासाठी तर निवडणुकीचीही वाट पाहण्याचे कारण नाही.