जुन्या मोटारीचा जॉइंट : दुरुस्ती की बदली?

ॲम्बेसेडर आणि मारुती ८०० या दोन्ही गाड्यांचे उत्पादन २०१४ साली थांबले. प्रीमियर पद्मिनी त्यापूर्वीच बंद झाली होती आणि मुंबईच्या रस्त्यांवरून तिची काळी-पिवळी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. कालपर्यंत या गाड्या पोटापाण्यासाठी पळत होत्या. आज त्या हौसेने सांभाळल्या जातात. कंपनीच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये या कामाला सहसा कोणी हात लावत नाही. ते काम आपल्या छोट्या गॅरेजवाल्यांकडे, लेथवाल्यांकडे आणि सुट्या भागांच्या दुकानदारांकडे येते. म्हणूनच या कामातील एका नेहमीच्या प्रश्नाचा विचार आपण नीट केला पाहिजे. चाकाला फिरवणारा जॉइंट झिजला, तर तो दुरुस्त करावा की बदलावा?

वास्तविक हा प्रश्न लोखंडाचा आहे. पण त्याचे उत्तर बहुधा पैशाच्या हिशेबाने दिले जाते. ज्या मिस्त्रीला दुकानातून कमिशन मिळते तो म्हणतो, "बदला." ज्याची कमाई मजुरीवर आहे तो म्हणतो, "दुरुस्त करू, चालून जाईल." आणि मालकाला गाडीचा मूळ भाग सोडवत नाही. या तिघांत जॉइंटची अवस्था काय आहे हे उघडून पाहणारा कोणीच नसतो. आमचे म्हणणे असे की निर्णय जॉइंटच्या कडक पृष्ठभागावरून झाला पाहिजे. हे भाग वरच्या थरात कडक केलेले असतात. तो थर शाबूत असेल तर दुरुस्तीला अर्थ आहे. तो फुटला असेल तर ग्रीस, कानस किंवा वेल्डिंग यांपैकी काहीही त्याला परत आणू शकत नाही. उलट वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाचे उरलेसुरले पाणीही उतरते.

प्रथम मारुती ८०० घ्या. ही पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी. पुढचे चाक फिरतेही आणि वळतेही, म्हणून तिच्या प्रत्येक एक्सल शाफ्टच्या दोन्ही टोकांना जॉइंट असतो. बाहेरच्या जॉइंटमध्ये सहा पोलादी छर्रे खाचांतून धावतात आणि त्यावर रबरी बूट असतो. बूट फाटला की ग्रीस बाहेर उडते, आत धूळ व पाणी शिरते आणि उरलेल्या ग्रीसची पॉलिशची पेस्ट बनते. या टप्प्यावर आवाज नसेल तर जॉइंट उतरवावा, धुऊन पुसून कोरडा करावा, खाचा आणि छर्रे उजेडात पाहावेत. सगळे गुळगुळीत असेल तर जॉइंटचेच मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस भरून नवा बूट व नवे क्लिप लावावेत. ही खरी दुरुस्ती होय, आणि ती स्वस्तातही पडते.

परंतु स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना कटकट आवाज येऊ लागला, तर बहुधा खाचांत खड्डे पडले आहेत असे समजावे. उघडल्यावर ते दिसलेच, तर ग्रीस भरून आवाज काही दिवस दबेल. झीज थांबणार नाही. तेथे जॉइंट बदलणे हाच इलाज आहे. काही ठिकाणी डावीकडचा जॉइंट उजवीकडे बसवून देतात. त्याने छर्र्यांचा भार खाचेच्या न झिजलेल्या बाजूवर येतो आणि आवाज थांबतो. नवा माल येईपर्यंतची सोय म्हणून, ग्राहकाला सांगून, हे करण्यास हरकत नाही. पण याच युक्तीला "जॉइंट बनवला" म्हणून बिल लावणे ही फसवणूक आहे.

ॲम्बेसेडर आणि पद्मिनीची गोष्ट वेगळी. त्यांचा मागचा एक्सल एकसंध असतो. झिजतात ते प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस. तपासण्यासाठी जमीन सपाट असावी, चाकांना ठोकळे आणि गाडीखाली भक्कम स्टँड असावेत. केवळ जॅकच्या भरवशावर कोणी खाली शिरू नये. गियर न्यूट्रलमध्ये ठेवून शाफ्ट हाताने दोन्हीकडे पिळून पाहावा. क्रॉसमध्ये खेळ जाणवला किंवा कपाच्या कडेला तांबूस भुकटी दिसली, तर आतील निडल बेअरिंग कोरडे पडले आहे. क्रॉसच्या खांबावर सुयांचे ठसे उमटले असतील आणि त्यात नख अडकत असेल, तर क्रॉस कपांसह बदलावा. येथे दुरुस्तीचा हट्ट नको. दुरुस्तीचे कौशल्य जपणुकीत आहे: खोलण्यापूर्वी शाफ्ट आणि फ्लँजवर खूण करावी आणि बसवताना दोन्ही जॉइंट पूर्वीप्रमाणेच एका रेषेत ठेवावेत, नाहीतर गाडी थरथरते. कप ज्या भोकात बसतो ते भोक सैल झाले असेल, तर पंच मारून किंवा पत्रा घालून वेळ मारून नेऊ नये. ते टोक बदलून शाफ्ट बॅलन्स करून घ्यावा.

तिसरा प्रकार, ज्या गाडीचा जॉइंट बाजारात मिळतच नाही तिचा. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीप घ्या. तिच्या पुढच्या एक्सलमध्ये एकाहून अधिक प्रकारचे जॉइंट बसवलेले आढळतात, म्हणून उघडून पाहिल्याशिवाय माल मागवू नये. अशा वेळी खाचा ग्राइंडिंग करून थोडे मोठे छर्रे बसवण्याची पद्धत आहे. पण ती मापाची यंत्रे असलेल्या जाणकाराचे काम आहे, आणि कडक थर शिल्लक असेल तरच चालते. मालकाला मूळपणाची चिंता असेल तर त्यालाही समजावावे. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. मोठा फेरफार नसावा, या अटीत चासी, बॉडी आणि इंजिन यांचा उल्लेख आहे. झिजलेल्या जॉइंटच्या जागी तसाच जॉइंट बसवल्याने गाडीचे मूळपण जात नाही. जुना भाग मालकाच्या हवाली करावा, म्हणजे झाले.

यात धोका काय आहे हेही ध्यानात घ्यावे. एक्सल शाफ्टचा एक जॉइंट तुटला तरी चाकांना मिळणारी ताकद जाते आणि घाट उतरताना इंजिनाची रोखही जाते. उतारावर केवळ गियरच्या भरवशावर उभी केलेली गाडी घरंगळू शकते. प्रोपेलर शाफ्टचे पुढचे टोक वेगात सुटून रस्त्यात रुतले तर काय होईल, ते सांगावयास नको. गाडी ही गॅरेजवाल्याकडे अमानत असते, आणि तिच्यात बसणारी माणसेही.

मग उपाय काय? आमच्या मते तपासणीची मजुरी वेगळी घ्यावी. निदान फुकट असले की त्याची भरपाई मिस्त्री मालातून किंवा नको त्या मजुरीतून करतो आणि निर्णय तेथेच वाकडा होतो. "नुसते बघण्याचे पैसे कोण देईल?" असे काही बांधव म्हणतील. पण डॉक्टर औषध न देताही तपासणीची फी घेतो आणि लोक ती देतात, कारण त्याच्या निदानाला किंमत आहे. कारागिराच्या निदानालाही आहे. बिलावर तपासणी, मजुरी आणि माल असे तीन वेगळे आकडे असावेत. काय आढळले, ते एका ओळीत लिहावे. दुरुस्ती तात्पुरती असेल तर तसे स्पष्ट लिहावे.

दुकानदारांचीही जबाबदारी आहे. जुन्या स्टॉकमधील पोलादी जॉइंट ग्रीस बदलून वापरता येतो. पण रबरी बूट न वापरताही वर्षानुवर्षांत कडक होऊन तडकतो. तो नवा म्हणून विकू नये. नकली माल ओरिजिनल डब्यात घालून विकणाऱ्याला आज चार पैसे जास्त मिळतील, उद्या तो मिस्त्री दुसऱ्या दुकानाची पायरी चढेल.

जुन्या गाड्यांचे शौकीन थोडे आहेत आणि ते एकमेकांना ओळखतात. एका गॅरेजचे नाव चांगले झाले की दहा गाड्या येतात. बिघडले की दहा जातात. ज्या मिस्त्रीला "याला काही झालेले नाही, घेऊन जा" असे सांगूनही आपली मजुरी मागता येते, त्याचाच धंदा टिकेल.