कनवटीचे पोलाद

डोंबिवली पूर्वेस, स्थानकापासून फारसे दूर नसलेल्या एका जुन्या दुमजली इमारतीच्या ओट्यावर, महिन्यातल्या एखाद्या रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा मंडळी जमतो, आणि चहा येईपर्यंत प्रत्येक जण खिशातून, बटव्यातून किंवा पिशवीच्या तळातून आपला नित्याच्या वापरातला चाकू काढून मधल्या पाटावर ठेवतो. ठेवतो, हातात देत नाही. चाकू एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेला की भांडण होते, असा आपल्याकडचा जुना समज आहे, आणि आमच्यापैकी कोणाचाही त्यावर विश्वास नसला तरी उघडे पाते खाली ठेवावे व दुसऱ्याने ते आपणहून उचलावे या रीतीमागचा विवेक इतका स्वच्छ आहे, की ती मोडावी असे कोणालाच वाटत नाही. आमचा हा परिपाठ शेजाऱ्यांच्या कानी गेला तेव्हा एका सद्गृहस्थांनी हळूच विचारले, "तुम्ही हत्यारे कशासाठी बाळगता?" ते सद्भावनेने विचारत होते, आणि म्हणूनच त्या प्रश्नाने मला अस्वस्थ केले. हा लेख त्याच अस्वस्थतेतून लिहीत आहे.

पाटावर येणाऱ्या वस्तू पाहिल्या तर 'हत्यार' हा शब्द मनातही येऊ नये. वागळे इस्टेटीतल्या एका कारखान्यात आयुष्य घालवलेल्या आमच्या टर्नर मित्राचा चाकू लोखंड कापणाऱ्या यंत्रकरवतीच्या तुटलेल्या पात्यापासून झालेला आहे. हे पोलाद भट्टीत घालून ठोकायचे नव्हे, ते घासूनच घडवावे लागते. म्हणून जेवणाच्या सुट्टीत पंधरा-वीस मिनिटे ग्राइंडरवर, असे करीत करीत त्यांनी ते पाते पुरते केले, त्याला शिसवी मूठ बसविली, पितळी रिवेटी मारल्या, आणि गेली पस्तीस वर्षे ते त्याच पात्याने सकाळचे सफरचंद कापीत आहेत. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना होऊन वागळे इस्टेट आकारास आल्यानंतर ठाण्यात कारागिरांच्या ज्या पिढ्या घडल्या, त्यांच्या हातांची साक्ष कोणत्याही वस्तुसंग्रहालयात नाही. ती अशा चाकूंत आहे, आणि ते कारखाने एकामागून एक बंद पडून त्या जागी मनोरे उभे राहत असताना ही साक्ष भंगारात जात आहे. आमच्यातल्या एक शिक्षिका संध्याकाळच्या लोकलमध्ये मेथी निवडणाऱ्या, वाटाणे सोलणाऱ्या, फरसबीच्या शिरा काढणाऱ्या त्या अफाट भगिनीमंडळाच्या जुन्या सभासद; त्यांचा दोन-अडीच इंचांचा चाकू त्याच डब्यात एका फेरीवाल्या बाईकडून घेतलेला. त्याला कसलेही वंशवैभव नाही, पण दादर ते डोंबिवली या प्रवासात त्याने किती घरांचा स्वयंपाक हलका केला, याचा हिशेब कोण मांडणार?

माझा स्वतःचा चाकू वडिलांचा. शेफिल्डच्या बनावटीचा, शिंगाच्या मुठीचा, दोन पात्यांचा. त्याच्या पाठीत पोलादाची एक कमान आहे. तिचे टोक पात्याच्या बुडावर दाबून बसते, आणि केवळ त्या दाबामुळे पाते उघडे असताना उघडे व मिटलेले असताना मिटलेले राहते. त्याला कळ नाही, खटका नाही, झटक्याने उघडण्याची कोणतीही युक्ती नाही. नखाच्या खाचेत नख अडकवून, दोन्ही हात वापरून, सावकाशच तो उघडावा लागतो. कैऱ्यांच्या आणि लिंबांच्या आम्लाने त्याचे पाते निळसर काळे पडले आहे, आणि ती काळी साय ज्यांना डाग वाटते त्यांना मी नेहमी सांगतो, की तीच त्या पोलादाला तांबड्या गंजापासून राखते. वडील कल्याणच्या एका कचेरीत कारकून होते. शिसपेन्सिलीला टोक करणे, दप्तराची सुतळी कापणे, टपालाची लाख उकरणे आणि दुपारी पेरूच्या फोडी करणे, एवढाच त्या चाकूचा कारभार.

आणि हा कारभार त्यांच्याही आधीचा आहे. पेशवाईत कल्याण हे सुभ्याचे ठाणे होते. सरसुभेदार रामजी महादेव बिवलकरांचा वाडा आजही सुभेदारवाडा म्हणूनच ओळखला जातो. त्या काळच्या फडावर मोडीचे कागद लिहिणाऱ्या प्रत्येक कारकुनाला बोरूचे टोक दिवसातून अनेकदा तासावे लागे, आणि त्यासाठी दौतीइतकीच निकडीची वस्तू म्हणजे लहानसा चाकू. फारसीने आपल्याला त्याचे नावही दिले : कलमतराश, म्हणजे लेखणी तासणारा. आपल्या दप्तरखान्यांत जे लक्षावधी मोडी कागद आहेत, त्यांतील अक्षरांचे वळण जसे बोरूचे तसेच तो बोरू तासणाऱ्या पात्याचेही आहे. इंग्रजीतही खिशातल्या चाकूचे नाव लेखणीवरूनच पडले. ज्या वस्तूचे नाते तलवारीहून लेखणीशी अधिक, तिच्याकडे गुन्हेगाराचे साहित्य म्हणून पाहण्याची पाळी यावी, हे मला फार खेदाचे वाटते.

कारकुनाजवळ कलमतराश, तर गावच्या वडीलधाऱ्या माणसाजवळ चंची. कापडी, अनेक कप्प्यांची, बंदांनी गुंडाळली जाणारी ती चंची कनवटीला किंवा बंडीच्या खिशात असे, आणि तिच्यात पान, तंबाखू, चुन्याची डबी, कात, श्रीवर्धनी रोठा सुपारी व ती कातरायला अडकित्ता. माझ्या मते महाराष्ट्रीय माणसाने नित्य जवळ बाळगलेल्या धारदार वस्तूंत अडकित्त्याइतकी कलाकुसर दुसऱ्या कशावरही झालेली नाही. कानडी मुलखातून नाव घेऊन आलेली ही वस्तू. पण मोर, पोपट, घोडे, स्त्री-पुरुषांची युगुले, असे कोणते रूप आपल्या घडवय्यांनी तिला दिले नाही? पुण्यात डॉ. दिनकर केळकर यांनी, जे 'अज्ञातवासी' या नावाने कविताही लिहीत, घरोघर हिंडून असे अडकित्ते जमविले, आणि १९७५ साली आपला सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यांचे ऋण मोठे आहे. तथापि काचेआडच्या अडकित्त्याकडे पाहताना मला नेहमी एक गोष्ट खुपते : त्याचा खिळा आता कधीही हलणार नाही, आणि सुपारी कातरताना येणारा तो कोरडा 'कट्' आवाज पुढच्या पिढीला ऐकू येणार नाही. आमच्या पाटावर एक पितळी अडकित्ता येतो. त्याचे धनी ऐंशीच्या पुढचे आहेत, दात केव्हाच गेले आहेत, तरी ते सुपारी कातरून आम्हाला देतात.

आता कायद्याविषयी, कारण त्याच्याविषयीचे अज्ञान हेच बहुतेक भीतीचे मूळ आहे. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालील नियम यांनी तलवारी, खंजीर, सुरे यांना जी मर्यादा घातली आहे ती नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची. आणि त्यातूनही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय व औद्योगिक कामासाठी बनविलेली साधने स्पष्ट शब्दांत वगळली आहेत. हा भेद करणाऱ्याने देश पाहिलेला होता. मुरबाड-शहापुराकडचा ठाकूर किंवा कातकरी कमरेच्या लाकडी आकडीत कोयता अडकवल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. चैत्र-वैशाखात कल्याण स्थानकाबाहेर ताडगोळे सोलणाऱ्याच्या हातातले पाते आमच्या साऱ्या चाकूंना पुरून उरेल, आणि त्याच्यासमोर उभे राहून आपण निर्धास्तपणे डझनाचा भाव विचारतो. परंतु दुसरीकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चे कलम ३७ (१) आहे. त्याअन्वये पोलीस आयुक्त ज्या वस्तू जवळ बाळगण्यास मनाई करू शकतात, त्यांत काठ्या आणि भाल्यांबरोबर चाकू-सुऱ्यांचाही निर्देश आहे, आणि तेथे मापाचा उल्लेख नाही. ठाणे आयुक्तालयाच्या हद्दीत ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर ही सारी शहरे येतात आणि असे मनाई हुकूम सणावारांच्या, निवडणुकांच्या सुमारास येथे वरचेवर निघत असतात.

त्या हुकुमांना माझा विरोध नाही. सुऱ्याने झालेल्या हल्ल्यांच्या बातम्या आपल्याच गल्ल्यांतून येतात, आणि ज्या आईचा मुलगा त्यात गेला तिच्यासमोर पितळी मुठीचे कौतुक सांगण्याचे धैर्य मला होणार नाही. खटक्याने उघडणारा, केवळ दहशतीसाठी खिशात ठेवलेला सुरा जप्त व्हावा, हेच योग्य. माझी विनंती एवढीच, की हुकुमाच्या मजकुरातच एका वाक्याने, सुबोध मराठीत, घरगुती व व्यवसायाच्या लहान अवजारांना मुभा असल्याचे नमूद व्हावे, म्हणजे भाजी चिरणारी शिक्षिका आणि दंगेखोर इसम यांतला फरक बीटवरच्या शिपायाच्या मर्जीवर राहणार नाही. मध्यंतरी एका मोठ्या इमारतीच्या दारात माझा चाकू काढून घेण्यात आला. पहारेकरी तरुण होता. त्याने पाते उघडले, अंगठ्याच्या पेराने धार अजमावली, आणि म्हणाला, "काका, धार चांगली राखलीय. आमच्या आजोबांकडं असाच होता." मी परत येईपर्यंत त्याने तो स्वतःच्या रुमालात गुंडाळून ठेवला होता. ज्याला ती वस्तू ठाऊक होती, त्याला तिची भीती वाटली नाही.

बाहेरच्या जगाकडे पाहावे, तर फ्रान्समध्ये जोसेफ ओपिनेलने १८९० साली शेतकऱ्यांसाठी केलेला लाकडी मुठीचा साधा चाकू आजही प्रतिष्ठेने विकला जातो. इतके दूर तरी कशाला? हिंदी चित्रपटांनी ज्याला गुंडाच्या हाती कायमचे देऊन टाकले त्या रामपुरीच्या गावाने, रामपूरने, २०२३ साली भर चौकात सुमारे वीस फुटांचा चाकू उभा केला, आणि आपल्या कारागिरांची कला उजळ माथ्याने मिरवली. आपल्याला असे स्मारक नको. आपल्याकडे त्याहून सोयीची तजवीज आहे : खंडेनवमी. त्या दिवशी आपण विळी, कात्री, अडकित्ता, पान्हा, करवत अशी साधनसामग्री पुसून, हळदकुंकू लावून पाटावर मांडतो. १८६४ साली सुरू झालेले कल्याणचे सार्वजनिक वाचनालय आणि १८९३ पासूनचे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय यांनी त्या दिवशी आपले एक दालन घरोघरच्या चाकू-अडकित्त्यांसाठी, कारखान्यातल्या करवतीच्या पात्यांसाठी, आकडीतल्या कोयत्यांसाठी खुले करावे. धन्याने वस्तूशेजारी बसावे, ती कोणी केली, कोणाकडून आली, रोज काय कापते हे सांगावे, आणि संध्याकाळी आपली वस्तू आपल्या खिशात घालून घरी न्यावी.

असे झाले तर वडिलांचा चाकू घेऊन मी सकाळीच हजर होईन. मात्र आदल्या दिवशी त्याला धार लावून घ्यावी लागेल. सायकलच्या पायडलावर सहाण फिरवीत "चाकू-सुरी-कात्रीला धाऽर" अशी हाक देणारा जो वृद्ध आमच्या गल्लीत येई, तो पाते तापून पोलादाचे पाणी उतरू नये म्हणून दर दोन फेऱ्यांनी ते टमरेलातल्या पाण्यात बुडवीत असे. गेल्या दिवाळीनंतर त्याची हाक ऐकू आलेली नाही. रविवारच्या मंडळींना सांगून ठेवले आहे. कोणी म्हणते तो ठाकुर्लीकडे फिरतो, कोणी म्हणते गावी गेला. या आठवड्यात ठाकुर्लीला जाऊन पाहीन म्हणतो.