परळचा पदपथ आणि शेजाऱ्याचा वाटा

केईएम, वाडिया आणि टाटा स्मारक ही तीन मोठी रुग्णालये परळमध्ये एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. त्यांच्या भिंतींलगतच्या पदपथावर अंथरूण, चार भांडी आणि तपासण्यांच्या कागदांची पिशवी घेऊन दिवस काढणारी कुटुंबे मुंबईकरांना चांगली परिचयाची आहेत. यांतील बहुतेक माणसे मूळची बेघर नव्हेत. बिहार, बंगाल, उत्तर प्रदेश किंवा विदर्भ-मराठवाड्यात त्यांचे घर आहे, शेताचा तुकडा आहे. आजाराने त्यांना या शहरात आणले आणि उपचारांच्या वेळापत्रकाने पदपथावर बसवले. म्हणजेच त्यांचे बेघरपण टाळता येण्याजोगे आहे. ते का टळत नाही, याचा विचार आपण ख्रिस्ती भाविकांनीही करणे अगत्याचे आहे.

कर्करोगावरील किरणोपचार साधारणपणे आठवड्यातून पाच दिवस आणि पुष्कळदा पाच-सहा आठवडे चालतात. अशा रुग्णाला रुग्णालयात खाट मिळत नाही, कारण वैद्यकीयदृष्ट्या तिची गरज नसते. परंतु दररोज वेळेवर हजर राहावे मात्र लागते. दूर उपनगरात खोली घ्यावी तर अशक्त रुग्णाला लोकलची गर्दी सोसत नाही, आणि परळमध्ये भाड्याने जागा घेणे शेतमजुराला परवडत नाही. औषधांनी प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या मुलाला उघड्यावर ठेवणे म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रणच होय. पैसा आणि धीर संपला की कुटुंब उपचार अर्धवट टाकून गावी परतते. निवाऱ्याचा अभाव येथे थेट जिवावर बेततो.

एके काळी या शहराने परगावच्या माणसाची सोय वेगळ्या रीतीने लावली होती. कोकणातील गावांनी गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींत गावकीच्या खोल्या घेतल्या आणि गिरणीत कामाला आलेला तरुण तेथे उतरू लागला. आपल्या गोवेकर ख्रिस्ती बांधवांनी धोबीतलाव, गिरगाव, माझगाव भागात 'कूड' उभारले. बोटीवर चढण्यापूर्वी किंवा नोकरी मिळेपर्यंत गावचा माणूस अल्प भाड्यात तेथे राही, पेटी ठेवी आणि संध्याकाळी वेदीपुढे सर्वांसोबत रोझरी म्हणे. अशा व्यवस्थेमुळे किती माणसे रस्त्यावर येण्यापासून वाचली असतील! पुढे १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले आणि गरिबाला परवडणारी जागा या भागातून आक्रसत गेली.

कायद्याने या प्रश्नाकडे पाठ फिरवली, असे म्हणता येणार नाही. पदपथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. २०१० मध्ये त्याच न्यायालयाने मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक, वर्षभर चोवीस तास खुला असणारा निवारा असावा, असे आदेश दिले. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाखांहून अधिक होती. म्हणजे सुमारे १२४ निवारे हवेत. महापालिकेच्या निवाऱ्यांची संख्या या आकड्याच्या जवळपासही पोहोचलेली नाही. त्याच जनगणनेत शहरात सुमारे ५७ हजार बेघरांची नोंद झाली होती.

जेथे काही साध्य झाले, तेथे अनेकांनी हात जोडलेले दिसतात. भायखळ्याच्या पदपथांवरील स्त्रियांसोबत 'स्पार्क' या संस्थेने १९८५ मध्ये सुमारे सहा हजार कुटुंबांची गणना केली. त्या स्त्रियांच्या बचतगटांतून 'महिला मिलन' उभी राहिली आणि पुढे त्यांच्यापैकी अनेक कुटुंबे मानखुर्दला स्वतःच्या घरात गेली. भायखळ्यातच हिंदुस्तान लिव्हर कंपनीने जागा दिली आणि मदर तेरेसांच्या धर्मभगिनींनी १९७६ मध्ये 'आशादान' सुरू करून निराधारांची सेवा आरंभली. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती परगावच्या रुग्णांना अनेक वर्षे आसरा देत आहेत. २००६ मध्ये सुरू झालेल्या 'सेंट ज्यूड' केंद्रांत कर्करोगग्रस्त मूल आणि त्याचे आईवडील यांना उपचार संपेपर्यंत स्वच्छ खोली, स्वयंपाकाची सोय आणि शिधा विनामूल्य मिळतो. रुग्णालय, जागेचा मालक आणि सेवाभावी संस्था असे तीन भागीदार या कामात आपापला भार उचलतात.

चौथा भागीदार म्हणजे शेजारी. त्याच्यावाचून काय होते, हे २०२१ मध्ये दिसले. राज्य शासनाने म्हाडाच्या शंभर सदनिका टाटा रुग्णालयाला रुग्णांच्या नातेवाइकांसाठी देण्याचे ठरवले. त्या करी रोड भागातील इमारतींत होत्या. मे महिन्यात चाव्याही सुपूर्द झाल्या. तथापि त्या इमारतींतील रहिवाशांनी हरकत घेतली, स्थानिक आमदारांनी ती मुख्यमंत्र्यांपुढे मांडली आणि जून महिन्यात निर्णयास स्थगिती मिळाली. त्यानंतर बॉम्बे डाइंग गिरणीच्या आवारातील म्हाडाच्या इमारतीत पर्यायी शंभर सदनिका देण्याचे जाहीर झाले. इमारत, निधी, रुग्णालय आणि शासनाची इच्छा हे सर्व उपलब्ध असतानाही दाराशी पोहोचलेली कुटुंबे थांबली.

रहिवाशांना निष्ठुर ठरवून मोकळे होणे सोपे आहे; परंतु ते न्याय्य होणार नाही. मोडकळीस आलेल्या चाळींत आणि संक्रमण शिबिरांत वर्षानुवर्षे काढल्यावर या भागातील कित्येकांना हक्काचे घर मिळते. सतत बदलत राहणारे अनोळखी लोक, पाण्यावर व उद्वाहनावर पडणारा ताण, आजाराविषयीची भीती या शंका कोणत्याही इमारतीत उद्भवू शकतात. कर्करोग संसर्गजन्य नाही, हे सांगणारे, येणाऱ्या कुटुंबांची ओळख करून देणारे आणि तक्रार आल्यास दाद घेणारे कोणीतरी आधीपासून रहिवाशांमध्ये असावे लागते. चाव्या देण्याच्या समारंभानंतर हे काम हाती घेतल्यास उशीर झालेला असतो.

हे काम धर्मग्राम करू शकतो. टाटा रुग्णालयासमोरील रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचे नाव आहे. त्या रुग्णालयात सेवा केलेले हे नामवंत शल्यचिकित्सक आपल्याच समाजातील. बाहेरगावच्या रुग्णांसाठीचे वांद्रे येथील निवासस्थानही त्यांच्याच स्मरणार्थ आहे. गिरगाव, दादर, परळ येथील आपली कुटुंबे याच इमारतींत राहतात, गृहनिर्माण संस्थांच्या सभांना बसतात. रुग्णनिवासाचा प्रस्ताव येईल तेव्हा सभेत उठून त्याच्या बाजूने बोलणारा एक तरी रहिवासी आपल्यापैकी असावा. सेंट व्हिन्सेंट दि पॉल संस्थेच्या सभासदांनी रुग्णालयातील समाजसेवकांशी नियमित संपर्क ठेवल्यास नव्याने आलेले कुटुंब पहिल्या रात्रीपूर्वीच धर्मशाळेपर्यंत पोहोचू शकते. पदपथावरील पहिली रात्र टळली, तर पुढील कित्येक रात्री टळतात. धर्मग्रामाच्या मालकीच्या, वर्षातील बराच काळ बंद राहणाऱ्या खोल्यांचाही फेरविचार व्हावा. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये व्हॅटिकनजवळ बेघरांसाठी स्नानगृहे आणि रात्रनिवारा सुरू केला, तेव्हा चर्चच्या मालकीची जागाच त्या कामी आली होती.

चांगल्या शोमरोनी माणसाचा दाखला आपण लूककृत शुभवर्तमानातून अनेकदा ऐकतो. जखमी माणसाची मलमपट्टी करून तो थांबला नाही. त्याला उतारशाळेत नेले, दोन दिनार मालकाच्या हाती ठेवले आणि अधिक खर्च झाल्यास परतताना देण्याचे वचन दिले. त्या उतारशाळेचे दार बंद असते, तर शोमरोनी माणसाची दया त्या जखमी माणसाला रात्रभर वाचवू शकली असती का? परळमध्ये दिनार देणारे हात पुष्कळ आहेत. दार उघडण्याचे काम तेथे राहणाऱ्यांचे, म्हणजे आपलेही आहे.